प्रकरण तेरावं : मासेमारी

आमच्या देशाला समुद्र नाही.
तरी दोन वर्षं झाली, मी समुद्रच भाषांतरित करते आहे
स्कोपियेतल्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथली लिफ्ट दुसऱ्यालाच थांबते.

संघात जायचं तर संघाचे सगळे कायदे आपल्या भाषेत हवेत.
सगळे म्हणजे सगळे.
कोंबडीच्या पिंजऱ्याची रुंदी, ट्रॅक्टरच्या आरशाचा कोन,
आणि तिकडे वरच्या थंड समुद्रात
हेरिंग पकडायच्या जाळ्याचं भोक किती मिलिमीटरचं असावं,
तेसुद्धा.
हेरिंग मी पाहिलाय तो डब्यातला,
टोमॅटोत बुडालेला, मुंडकं नसलेला.

शेजारच्या टेबलावर आर्जेंद हेच सगळं अल्बानियनमध्ये करतो.
त्याच्या भाषेला निदान किनारा आहे.
अडलं की तो द्युर्रेसला मावशीला फोन लावतो.
मी बस पकडून दोयरानला गेले, ताशोकाकाकडे.
तळ्याच्या मधून सरहद्द जाते, पलीकडचं पाणी ग्रीसचं.
माशांना अजून कुणी कळवलेलं नाही.
विचारलं, काका, जाळ्याच्या भोकाला काय म्हणायचं?
"डोळा," तो म्हणाला. "आणखी काय म्हणणार?"
मग माझ्या मांडीवरचे कागद बघत,
"वेलिके, तुझं नाव बदलायला नाही ना सांगितलं त्यांनी अजून?"

देशाचं बदललं तेव्हा नवी लेटरहेडं मीच तपासली होती.
दक्षिणेच्या शेजाऱ्याला खपेना
म्हणून आम्ही नावाआधी 'उत्तर' लावलं.
प्रश्न काही सुटला नाही.
पूर्वेचा शेजारी उठला, म्हणाला,
नावाचं ठीक आहे, पण ही भाषा तुमची नव्हेच,
आमचीच आहे, जराशी गावठी.
आणि तुमच्या शाळेच्या पुस्तकातली ती दोन-चार माणसं,
तीही आमची.
सत्तावीस खुर्च्या आहेत त्या खोलीत.
एकानं नुसती मान हलवली तरी पुरतं.
दर शरदात ब्रसेल्सहून अहवाल येतो: 'प्रगती समाधानकारक.'
त्याचंही भाषांतर माझ्याकडेच.
'समाधानकारक'साठी माझ्याजवळचे शब्द संपत आलेत.

ओग्नेनला माझ्याइतका धीर नाही.
सोफियाला जाऊन त्यानं एका फॉर्मवर सही केली:
माझं मूळ बल्गेरियन. माझी आई बल्गेरियन.
चौदा महिन्यांनी पासपोर्ट आला.
आता तो उल्मला ट्रकमध्ये खोकी चढवतो,
रविवारी फोन करतो, तिथल्या पावाला नावं ठेवतो.
असा माझा मुलगा संघात पोचला,
मी जी आहे ती नाही, असं लिहून देऊन.
मी रागावले नाही.
फॉर्मच्या मसुद्यात एक स्वल्पविराम चुकला होता,
तेवढा दाखवला.

काल संध्याकाळी शेवटचं कलम हाती घेतलं.
'जाळ्याचा डोळा इतका मोठा असावा
की पिल्लं त्यातून निसटून जातील.'
खाली बारीक अक्षरांत कारण दिलंय:
'म्हणजे पाणी रिकामं होणार नाही.'
दोनदा वाचलं.
खिडकीखाली म्युनिकची बस भरत होती.
पोटात बॅगा, पायरीवर पोरं,
फुटपाथवर त्यांच्या आया,
कुणाच्या हातात अजून मिरच्यांच्या लोणच्याची बरणी,
जी घ्यायला मुलगा तयार नाही.
आर्जेंदनं विचारलं, थांबलीस का?
काही नाही, म्हटलं.
'पिल्लू'चं अनेकवचन तपासते आहे.